‘बर्फ लावून वर्गात पाठवतात’ म्हणणाऱ्या पालकांना

‘एक पालक’ यांस,

शाळेतल्या आजारी खोलीत काय काय चालतं यावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की नर्सबाईंना दोनच गोष्टी येतात, बर्फ लावणं आणि मुलाला वर्गात परत पाठवणं. पोट दुखलं तर साधी गोळीसुद्धा देत नाहीत, आणि नोंदवही ठेवतात ती स्वतःच्या बचावासाठी. वर शेवटी, ‘असल्या बर्फवाल्या बाईंपेक्षा शिपाई परवडला.’

टीका जरूर करा. पण एका वाक्यात नर्स आणि शिपाई दोघांचा पाणउतारा करून काय मिळवलंत? हे असं घरात मुलासमोरही बोलता का? बोलत असाल तर उद्या त्याला खरंच काही झालं की तो त्या खोलीत जाणार नाही, दुखणं अंगावर काढेल. तुमच्या भाषेचा मला राग आला तो यासाठी.

एक मान्य करते. डोक्याला मार लागला की, तो कितीही किरकोळ वाटो, त्याच दिवशी घरी फोन गेला पाहिजे. मुलाबरोबर दिलेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहून जाते, हे तुमचं बरोबर आहे.

आता बर्फ. टेंगूळ घेऊन मूल आलं की कापडात गुंडाळलेला बर्फ लावतात. त्याने सूज आणि ठणका कमी होतो, बाकी आतल्या इजेवर त्याचा काही उपयोग नाही, हे नर्सलाही ठाऊक असतं. पण बर्फ धरून मूल तेवढा वेळ समोर बसून राहतं. तेवढ्यात विचारायचं: कसा पडलास, कुठे आपटलास, आत्ता कुठला तास चालू होता? टॉर्चने बघायचं, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. मळमळतंय का, डोकं वाढत्या कळांनी दुखतंय का, पेंगतोय का, चालताना तोल जातोय का. शुद्ध हरपली असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, झटका आला असेल किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर सरळ रुग्णवाहिका. काहीच नसेल तर वर्गात, पण वर्गशिक्षकांना सांगून, की लक्ष ठेवा आणि आज मैदानावर सोडू नका. कारण मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात.

मी या खोलीत वर्षानुवर्षं काम केलंय, ऐकीव गोष्टी सांगत नाही. एकदा झोपाळ्यावरून पडलेला मुलगा आला. कपाळावर साधं खरचटलेलंही नव्हतं. ‘मला काही झालं नाही, माझी मॅच आहे,’ म्हणून जायला उठला. मी बर्फाची पिशवी हातात देऊन बसवला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, मॅच सुरू झाली का? सांगितलं, नाही. परत तेच, आणि परत तेच. मग तो खाली वाकला आणि बांधलेली नाडी पुन्हा बांधायला लागला. बोटं फिरत होती, गाठ काही दिसत नव्हती त्याला. लगेच घरी कळवलं आणि दवाखान्यात नेलं. मेंदूला हादरा बसला होता. पहिला मार भरून यायच्या आत डोक्याला दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो, आणि हा पोरगा थेट मैदानात निघाला होता. त्याला अडवलं ते त्याच बर्फाने, ज्याची तुम्ही टर उडवलीत.

आणि ‘वर्गात परत पाठवणं’ याला तुम्ही टाळाटाळ म्हणता? १९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये लीना रॉजर्स या नर्सला नेमलं, ते मुलं वर्गात परत यावीत म्हणूनच. तोवर डॉक्टर तपासायचे आणि खरूज, डोळ्यांचा संसर्ग, उवा असलेल्या मुलांना घरी हाकलायचे. उपचार कोणी बघत नव्हतं, त्यामुळे मुलं बाहेरच राहायची. नर्स शाळेत उपचार करू लागली, घरी जाऊन आयांना समजावू लागली, तेव्हा मुलं परत आली. मूल बाकावर बसलेलं असणं हे या कामाचं यश आहे, साहेब.

गोळीचं म्हणाल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय औषध देत नाहीत आणि देऊही नये. पोटदुखी अपेंडिक्सची निघाली आणि गोळीने ती दबली तर? यावर मी वाद घालणार नाही. नोंदवहीत वेळ आणि लक्षणं असतात, ती डॉक्टरांना लागतात. तुमचे बाकीचे मुद्दे उत्तर देण्यासारखे नाहीत.

एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, पण तुमच्या मुलाला कशाची अॅलर्जी आहे आणि भर दुपारी तुमच्या घरचा कोणता फोन उचलला जातो, हे शाळेला कळवलंय का, ते कुठेच आलं नाही. कळवलं नसेल तर आधी ते कळवा. मग मला हवं तेवढं सुनवा.