पायोरियाचे खापर एकट्या रक्तावर नको

फोंडा-म्हापशाकडच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश सध्या फिरतो आहे: उतारवयात रक्तातील जनुके बिघडल्यामुळेच पायोरिया होतो, हे आता सिद्ध झाले आहे; तेव्हा दात घासणे आणि स्केलिंग (दंतवैद्याकडून दातांवरचा थर खरवडून घेणे) व्यर्थ असून रक्त तपासावे आणि रॅपामायसिन हे औषध घ्यावे. यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

‘सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. अस्थिमज्जेतील एखाद्या मूळपेशीत वयोमानाने डीएनएमटी३ए या जनुकात उत्परिवर्तन होते आणि तिचीच संतती रक्तात वाढत जाते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज हाजिशेन्गालिस आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दाखवले, की असे उत्परिवर्तन असलेल्या उंदरांत हिरड्यांचा दाह बळावतो, दाह आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींची पूर्वरूपे वाढून दाताभोवतीचे हाड खंगते. माणसांच्या बाबतीत मात्र आढळला तो सहसंबंध, म्हणजे उत्परिवर्तन आणि हिरड्यांचा विकार एकत्र दिसणे. कार्यकारणाचा पुरावा उंदरांतला आहे.

‘पायोरिया होतो तो यामुळेच’ हे तर सरळ चूक आहे. अशी पेशीवाढ सत्तरीपुढील साधारण दहांपैकी एकाच व्यक्तीत सापडते. हिरड्यांचे विकार त्याहून कितीतरी अधिक जणांना असतात.

घासणे व्यर्थ असल्याचा निष्कर्ष तर उलटाच आहे. बिघडलेल्या पेशी दाह भडकवतात हे खरे, पण त्यांना चिथावणी देतो तो दातांवर साचलेला जंतूंचा थर. ज्याच्या पेशी अशा तापट, त्याने तो थर अधिकच कसोशीने काढायला हवा.

रॅपामायसिनने उंदरांतील हाडांची झीज रोखली गेली, एवढेच म्हणता येते. प्रतिकारशक्ती दाबणारे हे औषध अवयव प्रत्यारोपणात वापरतात आणि तोंडात फोड येणे हा त्याचा परिचित दुष्परिणाम आहे. हिरड्यांसाठी ते स्वतःहून घेणे हा निव्वळ अविचार होय.

गोव्यात तर रक्ताची साधी तपासणी अधिक उपयोगाची आहे, ती साखरेची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत येथील मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले, आणि अनियंत्रित मधुमेह हिरड्या पोखरतो हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. तंबाखूचेही तेच, आमच्या आज्यांची मशेरी त्यातून सुटत नाही. धूम्रपानाचा संबंध तर मूळपेशींतील अशा उत्परिवर्तनांशीही, विशेषतः एएसएक्सएल१ या जनुकातील, आढळला आहे. पण संदेशात तंबाखू आणि साखर यांचा उल्लेखही नाही.