रुग्णालयाच्या नकाशाआधी जमिनीत बोअर घ्या

तालुक्याच्या गावाला नवं रुग्णालय मंजूर झालं की किती खाटा, किती मजले, डायलिसिस असेल का, यावर पारापर्यंत चर्चा रंगते. रंगायलाच हवी. पण ती इमारत ज्या जमिनीवर उभी राहणार तिच्या पोटात काय आहे, हे विचारणारं क्वचितच कोणी भेटतं. आयुष्य पायाच्या कामांत गेलं, म्हणून कळकळीनं लिहितोय.

मी पाहिलेल्या बऱ्याच कामांत नकाशा आधी तयार होतो, मग अंदाजपत्रक, मग भूमिपूजन, आणि ठेकेदार आल्यावर माती तपासणी. तोवर पैशाचा आकडा ठरून गेलेला असतो. अहवालात पाया खोल न्यावा लागेल असं आलं, की वाढीव मंजुरीसाठी फाईल फिरत राहते, नाहीतर पायातच काटकसर होते. माझं म्हणणं एवढंच की नकाशावर सही होण्याआधी बोअर, म्हणजे पाण्यासाठी नव्हे तर खालचे थर तपासण्यासाठी घेतलेली खोल छिद्रं, झाले पाहिजेत.

मराठवाडा-विदर्भातली काळी माती शेतकऱ्याला सांगायला नको. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी धरतं आणि सोडतं, त्याचा हा परिणाम. वरचा काही मीटरचा थर दरवर्षी असा हलत असतो. इमारतीच्या मधल्या भागाखाली ओल टिकून राहते आणि कडेची माती वाळते, मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. घरात आपण त्या लांबी भरून झाकतो. ऑपरेशन थिएटरच्या फरशीचा सांधा उघडला तर तिथं जंतू घर करतात, कितीही पुसलं तरी. त्यात रुग्णालयात पाण्याचा वापर अखंड. जमीन हलली की ड्रेनेजचा पाइप निखळतो, गळतीचं पाणी मातीत मुरतं, माती आणखी फुगते आणि शेजारचा पाइपही तुटतो. हे चक्र एकदा सुरू झालं की दुरुस्तीवाल्यांना त्याचा शेवट सापडत नाही.

उपाय आहेत, आणि ते आपल्याच देशात तयार झालेले आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी पाया आणि काळी माती यांच्या मध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालण्याची पद्धत दिली. माती कमी जाडीची असेल तर सरळ काढून टाकून मुरमावर बसता येतं. पण यातलं काय निवडायचं हे मातीची जाडी आणि फुगण्याचं प्रमाण कळल्यावरच ठरतं. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात दीड मीटरवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाच मीटर काळी माती निघते, कारण तिथून कधीकाळी नाला वाहत होता. अर्धी इमारत मुरमावर आणि अर्धी मातीवर, यासारखं वाईट काही नाही. सार्वजनिक इमारतीला पुष्कळदा उरलेली जागा मिळते: बुजवलेली खाण, तळ्याचा काठ, गायरानाचा सखल तुकडा. म्हणून बोअरच्या जागा ठरवण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, इथं पूर्वी काय होतं? मी नेहमी विचारतो, आणि त्याचा फार उपयोग होतो.

तपासणीत कसलंही गूढ नाही. बोअरमध्ये ठरावीक खोलीवर 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून टाकतात आणि नळी 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात; ठोके जास्त तर जमीन घट्ट. खडक लागला की काम संपलं असं मात्र समजू नये. आपल्या बेसॉल्टमध्ये कुजलेल्या मुरमात मोठे दगड अडकलेले असतात, दोन थरांमध्ये तांबडा मऊ पट्टाही असतो. काही मीटर खडकात जाऊन कोअर, म्हणजे खडकाचा अखंड गोल दांड्यासारखा नमुना, काढला तरच खात्री होते.

डॉक्टरांनाही एक विनंती आहे. कुठलं यंत्र कुठं बसणार हे आधी सांगा. कॅन्सरच्या रेडिएशन यंत्राच्या खोलीला काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत जाड काँक्रीटच्या भिंती लागतात. तेवढ्या वजनाखाली एकही बोअर नसेल तर बाकीचे बोअर घेऊन काय उपयोग?

आणि भूकंप. 19 सप्टेंबर 1985 ला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ भूकंप झाला. साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीनं हादरे कित्येक पट वाढवले. हुआरेझ रुग्णालयाची बारा मजली इमारत कोसळली, जनरल हॉस्पिटलचा प्रसूती विभागही. 1993 चं किल्लारी आपण विसरलेलो नाही. आपल्या भूकंप संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत रुग्णालयासाठी 1.5 हा महत्त्वगुणांक आहे, म्हणजे भूकंपाचा जोर हिशेबात दीडपट धरायचा, पण त्याच हिशेबात जमीन कठीण, मध्यम की मऊ हेही भरावं लागतं. तपासणीशिवाय 'मध्यम' लिहून टाकलं तर अख्खा हिशेब अंदाजावर उभा राहतो.

तुमच्या गावात रुग्णालय होत असेल तर ग्रामसभेत अहवालाची प्रत मागा. बोअर किती, कुठं आणि किती खोल घेतले, एवढं तरी पाहा. भूजलाची पातळी मे महिन्यातलीच दिली असेल तर पावसाळ्यातलीही मागा. आणि कोअरच्या पेट्या इमारत पूर्ण होईपर्यंत साइटवर जपून ठेवायला सांगा, म्हणजे पाया खोदताना निघालेला थर त्यांच्याशी ताडून बघता येईल.