जपलेल्या दगडातला साप
तुमच्या लेखात जीवाश्म शोधणाऱ्यांच्या भटकंतीवर भरभरून लिहिलंय, पण संग्रहातल्या नमुन्यांची एका ओळीत बोळवण झाली, हे खटकलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये गुजरातेत ढोली डुंगरीला डायनासोरची अंडी आणि पिल्लाची हाडं असलेला दगड सापडला. २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच नमुना न्याहाळला, तर काही मणक्यांना फक्त सापांत दिसतात तसे जादा सांधे! फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप. २०१० मध्ये तो ‘सनाजेह इंडिकस’ नावाने जगासमोर आला. दगड जपलाच नसता, तर पुन्हा बघणार काय? आपल्याकडे नमुने सांभाळणाऱ्यांवरही असाच सविस्तर लेख जरूर लिहा.