हुशार पोर आपोआप पुढे जात नाही

सध्या नागपूर जिल्ह्यातल्या शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हुशार मुलाला वरच्या वर्गात बसवलं तर ते एकटं पडतं, खचतं, खेड्यातल्या शाळेला हे झेपत नाही, कायद्यातही बसत नाही, आणि खरं हुशार पोर कुठेही ठेवा, ते पुढे जातंच.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. काटोल तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत एक दिवस दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते, चारही वर्ग एकाच खोलीत. मी चौथीला फळ्यावर 96 भागिले 4 घातलं. दुसरीच्या रांगेतून एका मुलीने पाटी वर केली: 24. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "पंचवीस चोक शंभर, त्यातला एक चोक कमी." मी शाबासकी दिली आणि तिला पुन्हा दुसरीच्या बेरजांना बसवलं. तिसरीत ती अर्धी गणितं सोडून खिडकीबाहेर बघायची. प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' हा शेरा मीच लिहिला. ती आपोआप पुढे गेली नाही, आणि हे मला आजही सलतं.

मूल खचतं म्हणता? अमेरिकेत 1971 साली ज्युलियन स्टॅन्ली यांनी गणितात तल्लख मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातली मुलं पन्नाशीला आल्यावर पुन्हा तपासली गेली. 35 वर्षांच्या त्या पाहणीचे निष्कर्ष 2021 साली छापून आले: लवकर पुढे गेल्यामुळे त्यांच्या मानसिक स्वास्थ्याला धक्का बसल्याचं दिसलं नाही. ती मुलं तिकडची, हे मान्य. पण आपल्याकडची भीती तर निव्वळ ऐकीव आहे.

खेड्यातल्या शाळेला झेपत नाही, हे तर उलटंच आहे. शहरात दुसरी आणि चौथीमध्ये भिंत असते. आमच्याकडे मधे फक्त सतरंजीची घडी. गणिताच्या तासाला पोराला दोन रांगा पुढे सरकवायचं. नाव दुसरीच्याच पटावर राहतं, त्यामुळे कायद्याचा प्रश्नही उरत नाही. शिक्षणहक्क कायद्यातलं वयानुरूप वर्गाचं कलम शाळेत कधी न आलेल्या किंवा गळालेल्या मुलांसाठी आहे.

"नवोदय आहेच की," असंही काही जण म्हणतात. नवेगाव खैरीचं नवोदय चांगलंच आहे, तिथे 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण प्रवेश सहावीत. दुसरीतल्या पोराने चार वर्षं काय करायचं?

मात्र सरसकट वर्ग ओलांडायला लावा, असं मी म्हणत नाही. हा निर्णय घेण्यासाठी आयोवा विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी जी तपासणी-पद्धत बसवली, तिच्यातल्या पक्क्या अटींपैकी दोन अशा: मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर नाही, आणि भावंड ज्या वर्गात आहे त्या वर्गात ढकलायचं नाही. दुसरी अट आपल्या गावांत फार जपायला हवी. धाकटी बहीण थोरल्या भावाच्या बाकावर येऊन बसली की घरात काय होतं, ते मी पाहिलंय.

एका बापाने मला विचारलं होतं, "सर, मोठ्या पोट्ट्यांत दबून जाईन ना ते?" त्याला म्हटलं, एकाच विषयाला महिनाभर बसवून पाहू, नाही रमलं तर रांग बदलायला कितीसा वेळ लागतो?