कोरड्या डोळ्यांनी ॲनिमे कसं बघावं

तुमची आई १९९१ साली ‘माहेरची साडी’ बघताना थेटरात हमसाहमशी रडली असेल, तर तिचं मन हळवं आहे. तुम्ही रात्री दीड वाजता हेडफोन लावून, पांघरुणात तोंड खुपसून, ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधल्या, एका पोरीच्या हरवलेल्या खेळण्यासाठी रडलात, तर मात्र ‘कार्टून बघून रडतोय, याचं पुढे व्हायचं कसं’ हा घरचा चर्चाविषय होतो. हा अन्याय दूर करणं आपल्या हातात नाही. डोळे कोरडे ठेवणं आहे. या विषयात मी बराच अभ्यास केलाय, त्यातलं थोडं तुम्हाला फुकट देतो.

पहिली गोष्ट म्हणजे शेवट आधीच वाचून घ्या. कोण मरतं आणि कितव्या भागात मरतं हे ठाऊक असलं की धक्का बसत नाही, आणि धक्का नाही तर रडू नाही. मीही या लेखात सगळे शेवट बिनदिक्कत फोडणार आहे. आभार मानायची गरज नाही. आता इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ घ्या. दिग्दर्शक इतका सज्जन की स्पॉयलर त्यानेच देऊन टाकलाय. सिनेमा सुरू होतो तोच सप्टेंबर १९४५ मध्ये, कोबेच्या सान्नोमिया स्टेशनवर चौदा वर्षांचा सेइता खांबाला टेकून मरतो तिथून. त्याच्या खिशातला गोळ्यांचा डबा सफाईवाला बाहेर गवतात भिरकावतो आणि त्यातून धाकट्या बहिणीची हाडं सांडतात. घ्या, कळलं सगळं. तरीही पुढचा सव्वा तास तुम्ही ‘सेत्सुको वाचेल बहुतेक’ अशी आशा धरून बसलात, तर तो सल्ल्याचा दोष नव्हे. ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे होते, जिवानिशी निसटले होते. अशा माणसाकडून नियम पाळले जाण्याची अपेक्षा करू नये. हा सिनेमा १६ एप्रिल १९८८ रोजी ‘माय नेबर तोतोरो’ या गोड, हसऱ्या सिनेमाबरोबर एकाच तिकिटात लागला होता, त्यामुळे तुम्हीही तो तसाच जोडीने बघा. फक्त तोतोरो नंतर ठेवा. जपानमधल्या ज्या पोरांनी तोतोरो आधी बघितला, त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

दुसरा सल्ला जास्त महत्त्वाचा. जिथे काही घडत नाही ते सगळं दीडपट वेगाने पळवा, जमलं तर गाळाच. शाळेचा कट्टा, जेवणाचे डबे, वसतिगृहातला पाणचट विनोद, सगळं. ‘क्लॅनाड’ बघताना हे अगदी काटेकोरपणे पाळायला हवं. क्योतो ॲनिमेशनची ही मालिका २००७ साली सुरू झाली. मुळात तो ‘की’ कंपनीचा २००४ चा गेम, आणि त्याचा मुख्य लेखक जुन माएदा. या लोकांची एक ठरलेली रीत आहे. आधी तुम्हाला भरपूर हसवायचं, माणसांची सवय लावायची, आणि मग एकेक माणूस काढून घ्यायचं. जपानमध्ये असल्या गेमचा एक वेगळा प्रकारच मानला जातो, रडवण्यासाठी केलेले गेम. म्हणजे डाव उघड आहे. तेव्हा तोमोयोने सुनोहाराला हवेत उडवून घातलेल्या लाथा बघू नका. फूको लाकडाचे स्टारफिश कोरून दिसेल त्याच्या हातात कोंबत सुटते, ते बघू नका. नायिका नागिसाला दांगोचं, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांचं, इतकं वेड का, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तेच दांगोचं गाणं लागलं की ते तर ऐकूच नका.

एवढं केलंत की दुसऱ्या सीझनच्या, म्हणजे ‘आफ्टर स्टोरी’च्या, अठराव्या भागात तुम्हाला काय दिसेल? एक तरुण बाप. बाळंतपणात बायको, म्हणजे नागिसा, गेली, तेव्हा यानं पोर सासू-सासऱ्यांकडे टाकली आणि पाच वर्षं तिच्याकडे धड बघितलं नाही. आता तिला घेऊन तो प्रवासाला निघालाय. वाटेत घेऊन दिलेला रोबो पोरगी फुलांच्या माळावर हरवते आणि तिन्हीसांजेपर्यंत शोधत बसते. दुसरा घेऊ, बाप म्हणतो, आणि अगदी व्यवहाराचं बोलतो. पण पोरीला दुसरा नको असतो. बाबांनी आपल्यासाठी घेतलेली ती पहिली वस्तू असते. शिवाय सानाए आजीने तिला सांगून ठेवलंय की रडायचं तर दोनच ठिकाणी, संडासात नाहीतर बाबांच्या कुशीत.

ज्यांनी आधीचे भाग गाळले त्यांना इथे काहीही होत नाही, माझा शब्द. एक खेळणं हरवलं, एवढंच. ते जांभई देतात, फोन बघतात आणि झोपतात. त्यांचा हेवा करा.

तिसरं म्हणजे धोक्याच्या खुणा पाठ करा. रुमालात खोकणारी मुलगी दिसली की टॅब बंद. आईने केस एका खांद्यावरून पुढे घेऊन सैल बांधलेले असले, तर ती आई फार भाग टिकत नाही. हा आम्हा ॲनिमेवाल्यांचा जुना विनोद आहे आणि दुर्दैवाने तो चुकत नाही. घरात लहान मुलगी आणि मोठा पांढरा कुत्रा असून बाप शास्त्रज्ञ असेल, तर थेट लॅपटॉपच मिटा. का ते विचारू नका, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ बघितलेल्या कुणाचाही चेहरा बघा.

आणि पत्र! पाकीट हातात घेतलेलं दिसलं की उठून स्वयंपाकघरात जा. ‘युअर लाय इन एप्रिल’ बावीस भाग पियानो-व्हायोलिन वाजवते आणि शेवटी काम होतं ते पत्राने. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’मध्ये तर नायिकेचा धंदाच दुसऱ्यांची पत्रं लिहून देण्याचा. दहाव्या भागात एक आजारी बाई तिला सात दिवस घरी ठेवून घेते. बाईची मुलगी, ॲन, दाराबाहेर रुसून बसलेली, कारण आईचे उरलेसुरले दिवस ही पाहुणी खातेय. ती पत्रं ॲनसाठीच असतात. पन्नास. आई गेल्यावर पुढच्या प्रत्येक वाढदिवसाला एक. व्हायोलेट ॲनसमोर डोळ्यातून टिपूस काढत नाही, ऑफिसात परतल्यावर ढसाढसा रडते. या भागापुरता एक वेगळा सल्ला आहे. आधी पाण्याची बाटली शेजारी घेऊन बसा.

गाणं हा चौथा शत्रू. सभ्य मालिकेत भाग संपतो आणि मग शेवटचं गाणं लागतं. ‘आनोहाना’ असभ्य आहे. २०११ चे अवघे अकरा भाग, चिचिबू गावातली पोरं, त्यातली मेन्मा लहानपणीच गेलेली, आता भूत होऊन परतलेली. प्रसंग ऐन रंगात असताना, संवाद चालू असतानाच शेवटच्या गाण्याचे सूर आत शिरतात, आणि गाणंही २००१ सालचं, म्हणजे जपानी प्रेक्षकाच्या शाळेतल्या आठवणींसकट येणारं. म्यूट करा. सुदैवाने ॲप तुमच्या बाजूने आहे. मेन्मा लपाछपीत सापडते न सापडते तोच कोपऱ्यात ‘पुढचं काय बघणार’ अशी चौकट उगवते. एवढी करमणूक-कंपनी उभी करून माणसाला तीन मिनिटं सुखाने रडू द्यायचं नाही, हा माझ्या मते या काळातला सगळ्यात क्रूर शोध आहे. पण आपण कोरड्या डोळ्यांच्या पक्षाचे, तेव्हा स्वागत.

हे सगळं करूनही गळा दाटलाच, तर मनाशी घोका की ही नुसती चित्रं आहेत. सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि टीव्हीवरच्या ॲनिमेत बऱ्याचदा एक चित्र तीन फ्रेम तसंच ठेवतात. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, त्यावर बंद खोलीत माइकसमोर उभ्या असलेल्या कुणा बाईचा आवाज. आठ चित्रांसाठी कोण रडतं?

आता मित्राला मालिका सुचवण्याबद्दल. खरं सांगू नका. ‘क्लॅनाड’ म्हणजे कॉलनीतल्या शाळेची कॉमेडी आहे, मस्त टाइमपास, एवढंच म्हणा, पहिल्या सीझनपुरतं ते बरंचसं खरंही आहे. काहीही गाळू नकोस, गाणीसुद्धा ऐक, असं मात्र दम देऊन सांगा. दोनतीन आठवड्यांनी, ‘आफ्टर स्टोरी’चा सोळावा, नागिसा जाते तो, भाग संपल्यावर, रात्री अडीचला त्याचा फोन येईल. उचलू नका. ‘अठराव्यापर्यंत बघ, बरं वाटेल’ एवढाच मेसेज टाका.