सॅग मोजला नव्हता, हे खरंच

माझी यामाहा आर-वन आणि मित्राची डुकाटी पानिगाले व्ही-फोर या दोन मोटरसायकलींची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडलो, म्हणून उत्तर दोन दिवस उशिरा देतोय. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी आर-वनचा मालक, त्यामुळे पानिगाले व्ही-फोरवर अन्याय केला, 200 पीएस (इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरसारखं माप) विरुद्ध 214 पीएस हा साधा हिशेब लेखात नाही, माझ्या जुन्या, सहाशे सीसीच्या यामाहा आर-सिक्सच्या आठवणीने गळा काढलाय, म्हणजे हजार सीसी मला झेपत नाही, आणि जाता जाता विचारलंत, "मित्राची व्ही-फोर चालवायला घेण्याआधी सॅग मोजला होतात का?" (सॅग म्हणजे चालकाच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते माप.)

आधी आकडे. ते मी विसरलो नव्हतो, मुद्दाम गाळले. आर-वनचे 200 पीएस मिळतात 13,500 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), व्ही-फोरचे 214 मिळतात 13,000 ला. आर-वन पहिल्याच गिअरमध्ये तिथवर नेलीत तर वेगाचा काटा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे ज्या 14 पीएसवरून आपण भांडतोय, ते ट्रॅकच्या बाहेर ना तुम्हाला दिसणार ना मला. मालक म्हणून माझा सगळा संबंध चार ते आठ हजारांच्या मधल्या इंजिनाशी. तिथे थ्रॉटल उघडताना गाडी दचकते की नाही, एवढंच मी बघतो.

आणि तिथे आर-वन का आवडते, त्याला कारण आहे, नुसती माया नाही. 2009 पासून या गाडीत क्रॉसप्लेन क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीचं फिरण्यात रूपांतर करणारा दांडा) आहे. नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात चारही पिस्टन एकाच क्षणी टोकाला पोहोचून थांबतात, पुन्हा एकदमच सुटतात. त्यामुळे क्रँकचा वेग सतत कमीजास्त होतो आणि ती थरथर ज्वलनातून आलेल्या जोरात मिसळते. क्रॉसप्लेनमध्ये पिस्टन 90 अंशांच्या फरकाने चालतात, एक थांबतो तेव्हा दुसरा भरात असतो. परिणाम असा की मागच्या चाकाखाली काय चाललंय ते मनगटाला नीट कळतं. ओल्या वळणावर बाहेर पडताना मला हेच हवं असतं. (आवाजही भारी आहे, पण त्याचे गुण दिले नव्हते. शपथ.)

व्ही-फोरबद्दल पक्षपात म्हणाल, तर उष्णतेचा मुद्दा मी सोडणार नाही. मागचे दोन सिलिंडर थेट बुडाखाली येतात. तापलेली गाडी थांबली की ते दोन बंद ठेवायची सोय बनवणाऱ्यांनीच दिली आहे, यातच सगळं आलं. व्हॉल्व्हची तपासणी तिला 24,000 किलोमीटरला, आर-वनला 40,000 ला. तीन आठवडे गाडी चालवणाऱ्याला याचं काहीच वाटणार नाही. दहा वर्षं ठेवणाऱ्याला वाटेल.

आर-सिक्सचं मात्र तुम्ही उलटं वाचलंत. 599 सीसीची ती गाडी खालच्या आरपीएमला अगदी मुळमुळीत, टॉर्कचा कळस 10,500 ला. त्यामुळे वळणातून बाहेर येताना योग्य गिअर नसेल तर ती तुमची चूक लगेच चव्हाट्यावर आणते. हजार सीसी ती चूक पोटात घालते. मला आर-सिक्सवर थ्रॉटल शेवटपर्यंत पिळून धरता यायचा, आर-वनवर ट्रॅकवरसुद्धा तो क्षण क्वचित येतो. हजार झेपत नाही म्हणालात ना? नाहीच झेपत. फारच थोड्यांना झेपते.

आता सॅग. नाही, मोजला नव्हता. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आहे, ते बघून घेईल, असं धरून चाललो. पण ते डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची हालचाल आवरणं, बघतं. त्या गाडीत प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, हातानेच फिरवावा लागतो, आणि तो माझ्यापेक्षा वीस किलो जड असलेल्या मित्रासाठी लावलेला होता. म्हणजे माझ्या वजनाला मागची बाजू दबलीच नसणार. खडबडीत जागी ती टणाटण उडत होती असं मी लिहिलं, त्याचा दोष गाडीवर टाकला. माझी आर-वन मात्र मागे 33 मिलिमीटर सॅगवर, मापात लावलेली. ही तुलना नव्हेच.

त्याहून वाईट म्हणजे माझं कौतुकही आता संशयात आलंय. व्ही-फोर वळणात झटकन झुकते याचं श्रेय मी उलट फिरणाऱ्या क्रँकला दिलं होतं, कारण तो चाकांच्या जायरोस्कोपिक परिणामाला (फिरती चाकं झुकायला करतात त्या विरोधाला) थोडा छेद देतो. ते खरंच आहे. पण मागची बाजू उंच राहिली तर पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि कुठलीही गाडी लवकर झुकते. त्यातला किती भाग क्रँकचा आणि किती मित्राच्या वजनाचा, हे मला आज सांगता येणार नाही.

मित्राला विचारलंय. प्रीलोड माझ्या वजनाला लावायला तो तयार आहे, फक्त आधीची मापं लिहून ठेव म्हणाला. तोवर लेखातल्या त्या दोन परिच्छेदांवर काट मारली आहे. उष्णतेचा तसाच ठेवलाय.