मस्टँगचे आराखडे कुणी चोरले नव्हते

परवा भाच्याने कॉलेजचं सादरीकरण पाठवलं. पाचव्या पानावर मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तोच मजकूर: 'पी-५१ मस्टँगचा जनक एडगर श्मूड हा जर्मन विमान कंपनी मेसरश्मिटचा माणूस. हिटलरच्या छळाला कंटाळून तो मेसरश्मिट १०९ चे आराखडे घेऊन अमेरिकेला पळाला, म्हणूनच मस्टँग १०२ दिवसांत तयार झालं.' "मामा, सगळीकडे हेच लिहिलंय," म्हणाला. म्हणूनच आता गप्प बसवत नाही.

श्मूड १८९९ साली जर्मनीत हॉर्नबाखला जन्मला. १९२५ मध्ये ब्राझीलला गेला, १९३१ पर्यंत अमेरिकेत पोचला. हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाचं काम सुरू झालं १९३४ मध्ये, पहिलं उड्डाण १९३५ चं. जे विमान कागदावरही नव्हतं त्याचे आराखडे हा बाबा दहा वर्षं आधी कुठून नेणार? रे वॅग्नर यांनी श्मूडचं सविस्तर चरित्र लिहिलंय, त्यातला नोकऱ्यांचा क्रम पाहा: साओ पावलो, मग न्यू जर्सीत फोकरची अमेरिकी कंपनी, तिचीच पुढे झालेली नॉर्थ अमेरिकन, म्हणजे मस्टँग बनवणारी कंपनी. मेसरश्मिटकडे एक दिवसही नाही.

बरं, विमानं तरी शेजारी ठेवून पाहा. १०९ चे चाकांचे पाय धडाजवळ बसवलेले, बाहेरच्या बाजूला मिटणारे. दोन चाकांतलं अंतर कमी, त्यामुळे उतरताना विमान भेलकांडायचं. मस्टँगचे पाय पंखांत, आत मिटणारे, ऐसपैस. १०९ चे रेडिएटर पंखांखाली, मस्टँगचा पोटाखाली, आणि तापलेली हवा मागे सोडून थोडा रेटाही मिळवणारा. पंखाचा छेद वेगळा: मस्टँगमध्ये सगळ्यात जाड भाग मुद्दाम मागे सरकवलेला. १०९ चं इंजिन उलटं टांगलेलं, मस्टँगचं अ‍ॅलिसन सरळ. उरलं काय? एक वैमानिक आणि एक पंखा.

१०२ दिवस मात्र खरे. पण ९ सप्टेंबर १९४० ला जे विमान शेडबाहेर आलं त्यात इंजिनच नव्हतं, आणि चाकं प्रशिक्षण विमानाची उसनी. उड्डाण झालं २६ ऑक्टोबरला. दुसऱ्या कंपनीचे कागद आले हेही मान्य: कर्टिस या अमेरिकी विमान कंपनीच्या एका प्रायोगिक विमानाच्या चाचण्यांची माहिती ५६,००० डॉलर मोजून विकत घेतली होती. तिचा उपयोग किती झाला यावर वाद आहे, पण ते कागद अमेरिकी होते आणि पावतीसकट आले होते. परक्यांची विमानं श्मूडने पाहिली ती पुढे, १९४३ मध्ये इंग्लंडला जाऊन. ब्रिटिशांचं लढाऊ विमान स्पिटफायर इतकं हलकं कसं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्यातूनच मस्टँगची हलकी आवृत्ती, पी-५१एच, झाली.

मला खरा राग आहे तो 'चोर' या शब्दाचा. घरच्या ओढगस्तीमुळे या माणसाला विद्यापीठ मिळालं नाही. छोट्या इंजिन कारखान्यात उमेदवारी केली, बाकीचं स्वतः वाचून शिकला. १९३५ मध्ये कंपनीमागोमाग कॅलिफोर्नियाला निघाला, तर वाटेत मोटार अपघातात बायको गेली. त्यातून उठून त्याने ड्रॉइंग बोर्ड धरला आणि पाच वर्षांत मस्टँग काढलं. हे सगळं पुसून आपण दोन ओळीत त्याला पळपुटा ठरवतो, आणि डिप्लोमाची पोरं ते खरं मानतात.

भाच्याला सांगितलंय, पाचवं पान काढ आणि तिथे उमेदवारीतला श्मूड घाल.